दुखणं नडगीत, ऑपरेशन गळ्याचं

प्रश्न एका धाकट्या भावाचा आहे. ताई ४२ वर्षांच्या, राहायला सिंहगड रोडला. वर्षभर डावा गुडघा आणि पाठ दुखत होती. चाळिशी उलटली की असं व्हायचंच, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या. मग गुडघ्याखाली सूज आली. एक्स-रेत नडगीच्या वरच्या टोकाला पोकळी दिसली, बायोप्सीत ‘जायंट सेल ट्यूमरची शक्यता’, म्हणजे हाडात होणाऱ्या एका गाठीची, असं आलं आणि पेट-सीटीत बरगडी, खालचा जबडा, कमरेचं हाड अशा आणखी तीन जागा उजळल्या. घरात कॅन्सरशिवाय दुसरा विषय उरला नाही. एवढं सगळं झाल्यावर कुठे रक्तातलं कॅल्शियम तपासलं गेलं, ते निघालं १२.८. पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन, ११४०. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात, पायाला हात लावायचा नाही, आधी गळ्याचं ऑपरेशन. भाऊ विचारतात: हा कॅन्सर आहे का? दुखतोय पाय, तर गळा का कापायचा? आणि पोकळी तशीच ठेवली आणि पाय मोडला तर?

मी हाडांचा सर्जन. पोकळी दिसली की खरवडायची आणि भरायची, हे माझं नेहमीचं काम. तरीही सांगतो, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे पायापुरता शेवटचा शब्द त्यांचाच. पण १२.८ आणि ११४० हे दोन आकडे एकत्र वाचले की आजार हाडाचा नाही हे जवळपास ठरतंच. आजार गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचा आहे आणि हाडात त्याचा परिणाम दिसतोय.

थायरॉइडच्या मागच्या बाजूला बहुतेकांना चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, प्रत्येकी तांदळाच्या दाण्याएवढी. नाव सारखं असलं तरी थायरॉइडच्या कामाशी त्यांचा संबंध नाही, आणि ताईंची थायरॉइडची तपासणी, टीएसएच, नॉर्मल आहे यावरून इथे काहीच कळत नाही. रक्तातलं कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या पट्ट्यात ठेवणं हे त्यांचं काम. ते खाली आलं की या ग्रंथी पीटीएच सोडतात. त्याने हाडातून कॅल्शियम सुटतं, मूत्रपिंडं ते लघवीवाटे जाऊ देत नाहीत, आणि ड जीवनसत्त्व कामाला लागून आतडं जास्त कॅल्शियम शोषतं. पातळी भरली की पीटीएच थांबायला हवं. एखाद्या ग्रंथीत अ‍ॅडेनोमा, म्हणजे साधी, न पसरणारी गाठ झाली की ती थांबत नाही. रक्तात कॅल्शियम ओसंडतंय आणि हाडातून उपसा चालूच, अशी स्थिती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहते. दर दहांतल्या आठांहून अधिक रुग्णांत दोषी ग्रंथी एकच असते. पॅराथायरॉइडचा कॅन्सर असतो, पण तो शंभरात एकापेक्षाही कमी. कॅल्शियम १४ च्या वर गेलं आणि गळ्याला गाठ हाताला लागली, तर तो मनात धरून ऑपरेशन आखावं लागतं.

उपसा सगळ्या सांगाड्यातून होतो, पण काही जागी हाड विरघळवणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, फारच जोरात चालतात. तिथे हाड झिजतं, बारीक तडे जातात, आत रक्त साकळतं आणि जागा तंतूंनी भरते. साकळलेल्या रक्तातल्या लोहामुळे तो भाग कापल्यावर तपकिरी दिसतो, म्हणून ब्राउन ट्यूमर. तो एका जागेहून दुसऱ्या जागी पसरत नाही. हार्मोन रक्तातून सगळीकडे जातं म्हणून चार ठिकाणी चार वेगवेगळ्या पोकळ्या होतात. पेट-सीटीत त्या उजळतात, कारण तिथल्या पेशी भरपूर साखर खर्च करत असतात. उजळलं म्हणजे तिथे हालचाल आहे एवढंच कळतं, कशाची हे नाही. चार जागांचा धसका म्हणून तुम्ही सोडून द्या.

बायोप्सीचा रिपोर्ट चुकला का? नाही. ब्राउन ट्यूमर आणि जायंट सेल ट्यूमर सूक्ष्मदर्शकाखाली इतके सारखे दिसतात की नुसत्या स्लाइडवरून वेगळे करता येत नाहीत. दोन्हीकडे त्याच अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी. जबड्यातल्या जायंट सेल ग्रॅन्युलोमाचंही तेच. पॅथॉलॉजिस्टच्या हातात येतो तो फॉर्म, त्यावर ‘लायटिक लीजन, प्रॉक्सिमल टिबिया’, म्हणजे नडगीच्या वरच्या टोकाला पोकळी, एवढंच लिहिलेलं असतं. जुनीजाणती माणसं अशी स्लाइड दिसली की रिपोर्ट सही करण्याआधी आम्हाला फोन लावतात, “कॅल्शियम किती आहे हो?” आणि त्या वेळी आमच्याकडे आकडा नसेल तर ओशाळायची पाळी आमची. माझ्या मते हाडातल्या कुठल्याही पोकळीत सुई घालण्याआधी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांची उलथापालथ दाखवणारं एन्झाइम) आणि क्रिएटिनिन हातात असायला हवं. हे सगळं मिळून काही शे रुपयांत होतं. पेट-सीटीला हजारो रुपये मोजायचे आणि कॅल्शियम नंतर बघायचं, हा उलटा क्रम आपल्याकडे फार रुळलाय.

स्लाइडचे ब्लॉक लॅबमध्ये जपलेले असतात. ते ताईंच्या रक्ताच्या आकड्यांसह पुन्हा बघायला द्या. मत बदलून मिळालं की घरच्यांचाही जीव भांड्यात पडेल.

कॅन्सरबद्दल आणखी थोडं. हाडात पोकळ्या आणि रक्तात कॅल्शियम जास्त, हे चित्र मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरमध्येही दिसतं आणि हाडात पसरलेल्या कॅन्सरमध्येही. पण तिथे कॅल्शियम दुसऱ्या वाटेने वाढलेलं असतं, त्यामुळे चांगल्या ग्रंथी गप्प बसतात आणि पीटीएच तळाला जातं. कॅल्शियम वाढलेलं असताना पीटीएचही वाढलेलं सापडलं की बोट गळ्याकडेच जातं. पीटीएचची नेहमीची मर्यादा साधारण ६५ पर्यंत, ताईंचं ११४०. मूत्रपिंडं निकामी झालेल्या, डायलिसिसवरच्या रुग्णांतही पीटीएच असं चढतं आणि ब्राउन ट्यूमर होतात. पण तिथे फॉस्फरस वाढलेला असतो आणि उपचारांची वाट निराळी. ताईंचं क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणून ती चर्चा इथे नको.

आता एक स्वस्त तपासणी सांगतो, जी मला कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त आवडते: दोन्ही हातांचा साधा एक्स-रे. तर्जनी आणि मधलं बोट, त्यांचं मधलं पेर, आणि त्या पेराच्या हाडाची अंगठ्याकडची कड. निरोगी हातात ती कड पेन्सिलीने ओढल्यासारखी सलग असते. पॅराथायरॉइडच्या आजारात ती कुरतडलेली, झालरीसारखी दिसते आणि तिची पांढरी रेघ मधूनमधून हरवते. फिल्म उजेडावर धरून ही कड डोळ्यांजवळ नेऊन बघावी लागते. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत ती हमखास निसटते. बोटांच्या टोकांची हाडंही झिजलेली असतात आणि कॉलरबोनचं खांद्याकडचं टोक विरलेलं. कवटीत बारीक ठिपके दिसतात, त्याला रेडिओलॉजिस्ट मीठ-मिरी म्हणतात. हे सगळं एका रुग्णात नसतंही, पण बोटांची ती कड सापडली तर मग नडगीतली पोकळी काय आहे यावर वाद घालायला फारसं उरत नाही.

जबड्याचंही सांगायला हवं, कारण असे रुग्ण आमच्याकडे येण्याआधी बऱ्याचदा दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले असतात. हिरडीजवळ फुगवटा, दात हलणं, चावताना दुखणं. दातांच्या एक्स-रेत मुळाभोवती जी बारीक पांढरी रेघ असते ती अशा रुग्णांत नाहीशी झालेली दिसते. पुण्यातल्या दंतमहाविद्यालयांत शिकलेली पोरं हे पाठ करून आलेली असतात आणि कधीकधी निदान तिथेच लागतं.

‘पाय की गळा’ हा वाद आजचा नाही. १८९१ मध्ये जर्मनीत फॉन रेकलिंगहाउझन यांनी हाडांचा हा रोग नीट लिहून काढला, पण मूळ कुठे हे तेव्हा ठाऊक नव्हतं. हाडं बिघडली म्हणून त्यांना साथ द्यायला ग्रंथी मोठ्या होतात, असा समज पुढे बराच काळ होता. १९२५ मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांच्याकडे एक ट्राम कंडक्टर होता, हाडं मोडलेला, चालणं बंद झालेला. प्रचलित समजुतीप्रमाणे मांडल यांनी आधी त्याला पॅराथायरॉइडचा अर्क दिला, मग दुसऱ्या माणसाची ग्रंथी आणून बसवली. म्हणजे आगीत तेलच. गुण येईना, तेव्हा त्यांनी गळा उघडला, मोठी झालेली ग्रंथी काढली, आणि त्या माणसाची हाडं भरू लागली, तो चालू लागला. काही वर्षांनी त्याचा आजार उलटला ही गोष्ट खरी, पण मूळ गळ्यात आहे हे त्या ऑपरेशनने दाखवून दिलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न उलटा करून बघा. गळा राहू द्या, आधी पायच करू. पोकळी खरवडली, सिमेंट किंवा हाडाचा चुरा भरला, प्लेट लावली. पीटीएच अजून हजारावर. भोवतालचं हाड इतकं मऊ झालेलं असतं की त्यात स्क्रू धरत नाही, आणि उपसा चालू असल्यामुळे पोकळी पुन्हा होते. शिवाय कॅल्शियम १२.८ असताना भूल देणं ही वेगळी डोकेदुखी. आणखी एक गोष्ट: जायंट सेल ट्यूमर समजून कोणी डेनोसुमॅबचं, म्हणजे ऑस्टिओक्लास्टना रोखणारं, इंजेक्शन दिलं असेल तर ते गळ्याच्या सर्जनना आवर्जून सांगा. ऑपरेशननंतर कॅल्शियम घसरतं, त्यात हे औषधही ते खालीच ओढतं.

पाय मोडण्याची भीती मात्र रास्त आहे. ऑर्थोपेडिक माणसाचं काम इथे थांबत नाही, फक्त बदलतं. नडगीच्या वरच्या टोकाची पोकळी असेल आणि बाहेरचा कठीण थर बऱ्यापैकी शाबूत असेल, तर मी लांब ब्रेस देतो आणि वॉकरवर, त्या पायावर भार न देता चालायला सांगतो. भारतीय पद्धतीचा संडास बंद, कमोडची खुर्ची आणा. स्कूटर बंद. जिना चढायचा नाही. पोकळी खुब्याजवळ, मांडीच्या हाडाच्या मानेत असेल तर माझा हिशेब वेगळा असतो. तिथे हाड मोडलं तर नुकसान मोठं, म्हणून कॅल्शियम आटोक्यात आणून गळ्याच्या ऑपरेशनच्या बरोबरीने रॉड घालायचा विचार करतो. मणक्यातली पोकळी नसेवर दाब देत असेल तर थांबायला वेळच नसतो. ताईंच्या यादीत या दोन जागा नाहीत. कमरेच्या हाडातली पोकळी खुब्याच्या सांध्याला लागून आहे का, एवढं मात्र विचारून घ्या.

ऑपरेशनआधी घरी काय करायचं, यावर आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक टोक: हाडं ठिसूळ, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दुप्पट. दुसरं टोक: कॅल्शियम वाढलंय, म्हणून दूध, ताक, नाचणी सगळं बंद. गोळ्या थांबवा. दूध-ताक नेहमीच्या प्रमाणात चालू द्या, कारण ते तोडलं तर ग्रंथीला उलट आणखी जोर चढतो. पाणी भरपूर. रक्तदाबासाठी पाणी काढणारी थायझाइडची गोळी चालू असेल, किंवा मानसिक आजारावरचं लिथियम, तर डॉक्टरांच्या कानावर घाला, दोन्हींनी कॅल्शियम चढतं. केसांसाठी बायोटिन घेत असतील तर पुढच्या पीटीएच तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, काही मशिनांवर आकडा खोटा कमी येतो. उलट्या, खूप तहान, गुंगी, बरळणं असं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता ताईंना कॅज्युअल्टीत न्या. सलाइन लावून कॅल्शियम तातडीने उतरवावं लागतं.

ड जीवनसत्त्वावर थोडं रेंगाळतो, कारण आपल्याकडचा आजार त्यामुळे जास्त चिघळतो. पाश्चात्त्य देशांत हा रोग बहुधा नेहमीच्या रक्ततपासणीत, काही त्रास नसतानाच सापडतो. आपल्याकडे अजूनही पोकळ्या, मुतखडे, मोडलेली हाडं घेऊन माणसं येतात. निदानाला उशीर हे एक कारण, आणि ड ची कमतरता हे दुसरं. पुण्यात उन्हाला तोटा नाही, पण घरातून निघताना स्कार्फ, सनकोट, हातमोजे, आणि मग दिवसभर ऑफिस. धुळीपुढे स्कार्फ हवाच, मी त्याला नावं ठेवत नाही, पण अंगाला ऊन लागत नाही हेही खरंच. ड कमी असलं की हाडं दुहेरी मार खातात आणि रक्तातलं कॅल्शियम फारसं वाढलेलं दिसत नाही. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं आणि सगळे निश्चिंत होतात. म्हणून अल्ब्युमिन, म्हणजे कॅल्शियम वाहून नेणारं रक्तातलं प्रथिन, तेही बघावं. ते ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणून कॅल्शियममध्ये मिळवायचं. कॅल्शियम १०.२ आणि अल्ब्युमिन २.८ असेल तर खरा आकडा ११ च्या पुढे जातो.

कमतरता भरून काढायची, पण बेताने. ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्या मेडिकलमधून आणून मनाने सुरू करू नका. कॅल्शियम आधीच जास्त असताना किती आणि कधी द्यायचं ते एंडोक्राइनोलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, ठरवू द्या. ‘अंगदुखीवर’ म्हणून ड ची सहा लाख युनिटची इंजेक्शनं एकामागून एक घेऊन कॅल्शियम चढलेले रुग्णही येतात. त्यांचं पीटीएच तळाला असतं आणि त्यांचा गळ्याशी संबंध नसतो.

ग्रंथी कुठली हे शोधायला गळ्याची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी हा किरणोत्सारी द्रव टोचून करायचा स्कॅन करतात. या स्कॅनने निदान होत नाही. निदान रक्ताने झालेलं आहे, स्कॅन फक्त पत्ता सांगतो. स्कॅनमध्ये ग्रंथी सापडली नाही म्हणून आजार खोटा ठरत नाही. कधी ती छातीत, थायमसमध्ये दडलेली असते. आणि त्याच स्कॅनमध्ये नडगी किंवा जबडाही चमकू शकतो, तेव्हा पुन्हा घाबरू नका. पत्ता लागला असेल तर गळ्याच्या वळीत छोटी चीर पुरते. ऑपरेशन चालू असतानाच पीटीएच मोजण्याची सोय असेल तर उत्तम. हे हार्मोन रक्तातून मिनिटांत उतरतं, त्यामुळे ग्रंथी काढल्यावर दहा मिनिटांनी आकडा निम्म्याहून खाली आला की काम झालं असं समजतात. आवाजाची नस शेजारूनच जाते, म्हणून हे ऑपरेशन नेहमी करणारा हात शोधा. माझ्या लेखी ही गोष्ट स्कॅनपेक्षा महत्त्वाची.

खरी कसोटी त्यानंतर. वर्षभर कॅल्शियम गमावलेली हाडं, पीटीएच उतरल्याबरोबर ते अधाशासारखं परत ओढू लागतात. याला हंग्री बोन सिंड्रोम म्हणतात. अल्कलाइन फॉस्फटेज खूप वाढलेलं, हाडांत पोकळ्या, ड कमी, अशा रुग्णांत हे जवळजवळ धरूनच चालायचं. ऑपरेशनच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कॅल्शियम तळ गाठतं. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, पोटऱ्यांत गोळे, मग हाताची बोटं आपोआप जुळून मनगट आत वळतं. मुंग्या आल्या की लगेच सिस्टरना सांगायचं, सकाळच्या राउंडपर्यंत थांबायचं नाही. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट, पोटातून मोठ्या मात्रेत कॅल्शियम आणि सोबत कॅल्सिट्रायॉल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं तयार रूप, द्यावं लागतं. मॅग्नेशियम कमी असेल तर तेही, नाहीतर कॅल्शियम वर येत नाही. टाके चांगले दिसतात, ताई हिंडतात-फिरतात, म्हणून तिसऱ्या दिवशी डिस्चार्जची घाई करू नका.

घरी आल्यावर हा गोळ्यांचा रतीब काही आठवडे, कधी काही महिने चालतो. ज्या बाईला कालपर्यंत कॅल्शियम बंद सांगितलं होतं तिला आज दिवसातून चार वेळा तेच घ्यायला सांगितलं की घरचे गोंधळतात, आणि कोणीतरी शहाणं माणूस गोळ्या बंद करायला लावतं. तसं होऊ देऊ नका. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं, आणि थायरॉइडची किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये काही तास अंतर ठेवायचं. या काळात पीटीएच पुन्हा थोडं वाढलेलं दिसलं, पण कॅल्शियम नॉर्मल किंवा कमी असेल, तर ऑपरेशन फसलं असा अर्थ नाही. सहा महिन्यांनी कॅल्शियम नॉर्मल असलं की आजार बरा झाला असं आम्ही म्हणतो.

हाडाचं दुखणं बरंच लवकर, काही आठवड्यांतच उतरू लागतं. फिल्ममध्ये फरक दिसायला दोन-तीन महिने, पोकळी भरायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. ब्रेस कधी काढायचा ते फिल्म बघून ठरेल, कॅलेंडर बघून नाही. पोकळीत पाणी भरलेला भाग असेल तर तो तसाच राहू शकतो. जबड्याचा फुगवटाही कधी पूर्ण जात नाही. अशा वेळी वर्षभरानंतर गरज असली तरच हाडावर किंवा जबड्यावर छोटं ऑपरेशन. पुन्हा पेट-सीटी करू नका, साधा एक्स-रे पुरतो.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. दाखल करण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का ते विचारा. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड फाइलमध्येच ठेवा.

शेवटचं तुमच्याबद्दल. आई, मामा, मावशी, भावंडं यांच्यात कोणाला वारंवार मुतखडे, कमी वयात पॅराथायरॉइडचं ऑपरेशन, पिट्युटरीची किंवा स्वादुपिंडाची गाठ असं काही झालं आहे का, ते आठवून लिहून न्या. असेल तर ताईंची जनुकीय तपासणी करावी लागेल, आणि सर्जनना चारही ग्रंथी बघाव्या लागतील. ते उत्तर काहीही येवो, तुम्ही आणि बाकीची भावंडं येत्या आठवड्यात एकदा कॅल्शियम तपासून घ्या.